वेगळा सिनेमा बघायचाय? सुरुवात गोदाकाठावरून करा

"चांगला होता म्हणतोस, पण त्यात झालं काय?"

२०१५ च्या एप्रिलमध्ये 'कोर्ट' बघून बाहेर पडताना ताईनं मला विचारलेला हा प्रश्न. दाजी तर मध्यंतरानंतर चक्क झोपले होते. दोष त्यांचा नव्हता. ज्यांनी तोवर गाणी-मारामारीशिवाय सिनेमा पाहिला नव्हता, त्यांना मी पहिल्याच फटक्यात 'कोर्ट'ला नेलं होतं. पोहायला शिकवताना थेट विहिरीत ढकलायची आपल्याकडे पद्धत आहे, पण सिनेमाच्या बाबतीत ती चालत नाही. ढकललेला माणूस वर येतो आणि पुन्हा विहिरीकडे फिरकतच नाही.

त्यानंतर मी नाशिकच्या इंदिरानगरातल्या आमच्या गच्चीवर घरच्यांना, शेजाऱ्यांना आणि अंबडच्या कंपनीतल्या मित्रांना सिनेमे दाखवायला लागलो. कोण कुठल्या सिनेमाला उठून गेलं आणि कोण शेवटपर्यंत बसलं, हे बघत बघत एक क्रम तयार झाला. तो इथे देतोय. पुरस्कारांच्या याद्या सगळीकडे मिळतात, त्यातून सुरुवात करू नका. पुरस्कार ज्यूरी देते, आणि ज्यूरी आपल्या गच्चीवर बसलेली नसते.

नावांचा घोळ आधी मिटवू. समांतर, प्रायोगिक, ऑफबीट, इंडी, फेस्टिव्हलचा सिनेमा... आमच्या शेजारच्या काकूंच्या भाषेत 'गाणी नसलेला'. माझा अर्थ सोपा आहे: बेताचा पैसा, नटाच्या नावावर न विकलेला आणि बनवणाऱ्याला जे म्हणायचंय तेच म्हणणारा. तो कंटाळवाणा असलाच पाहिजे, असा कुठेही नियम नाही.

पायरी पहिली: आपल्या ओळखीचं काहीतरी असलेला सिनेमा निवडा

नाशिककराला हे सोपं आहे, कारण 'गोदावरी' आहे. निखिल महाजनचा हा सिनेमा ११ नोव्हेंबर २०२२ ला लागला. जितेंद्र जोशीला त्यासाठी गोव्याच्या इफ्फीत, म्हणजे आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सवात, सर्वोत्कृष्ट अभिनेत्याचा पुरस्कार मिळाला आणि महाजनला दिग्दर्शनाचा राष्ट्रीय पुरस्कार. घाटाजवळच्या जुन्या वाड्यांची भाडी गोळा करणारा, घरच्यांवर आणि नदीवरही राग धरून बसलेला निशिकांत, आणि नदीपलीकडे राहणारं त्याचं घर. एवढ्यावर सिनेमा उभा आहे.

एक इशारा. पहिल्यांदा बघताना नाशिककर 'गोदावरी' बघतच नाहीत, जागा ओळखत बसतात. "ती पायरी बघ, नारोशंकराची घंटा बघ, अरे इथं तर आपण दशक्रियेला आलो होतो." आमच्या गच्चीवर पहिला अर्धा तास हाच कालवा चालला होता. होऊ द्या. त्यासाठीच हा सिनेमा पहिला. दुसऱ्यांदा बघाल तेव्हा जागा शांत होतात आणि माणसं दिसायला लागतात. मग एखाद्या सकाळी सहाच्या सुमारास रामकुंडावर जाऊन बसा. पर्यटक यायच्या आधी तिथं जो आवाज असतो, तो सिनेमात किती नेमका पकडलाय ते कळेल.

या सिनेमात विक्रम गोखले आहेत. आता जरा मागे जाऊ. 'राजा हरिश्चंद्र' गाजल्यावर दादासाहेब फाळके मुंबईहून नाशिकला आले आणि इथे त्यांनी 'मोहिनी भस्मासुर' हाती घेतला. त्यात दुर्गाबाई कामत आणि त्यांची लहान मुलगी कमलाबाई होत्या. हिंदी-मराठी सोडा, भारतीय पडद्यावर काम करणाऱ्या पहिल्या बायका त्या. याच कमलाबाई गोखले विक्रम गोखल्यांच्या आजी. आजीनं ज्या शहरात सिनेमा सुरू केला, त्याच शहरावरच्या सिनेमात नातू दिसतो, आणि तो लागल्यानंतर पंधरा दिवसांनी, २६ नोव्हेंबरला, नातू जातो. हे कुणी पटकथेत लिहिलं असतं तर आपण 'जरा जास्तच जुळवलंय' म्हणालो असतो.

तुमचं घर सातपूर-अंबडच्या कारखान्यांच्या भोंग्यावर चाललं असेल तर 'गोदावरी'ऐवजी मंगेश जोशीचा 'लेथ जोशी' आधी बघा. लेथवर आयुष्य काढलेला कामगार, नवी मशिनं येतात आणि त्याच्या हातातल्या कसबाला कुणी विचारेनासं होतं. माझे अण्णा सातपूरला एकतीस वर्षं टर्नर होते. टीव्हीवर काहीही लावलं तरी दहा मिनिटांत पेपर उघडणारा माणूस. त्या दिवशी पेपर घडीच राहिला. सिनेमाभर फक्त एकदाच बोलले, "जॉब कसा धरलाय बघ हातात." सिनेमा संपल्यावर त्यांनी स्वतःच्या कंपनीत संगणकावर चालणारं पहिलं सीएनसी मशिन आलं त्या दिवसाची गोष्ट सांगितली. चाळीस वर्षांत ती मी पहिल्यांदा ऐकली.

आणि मालेगाव. आपल्याच जिल्ह्यातलं. यंत्रमागाच्या खडखडाटात राहणाऱ्या पोरांनी शेख नासिर यांच्याबरोबर स्वतःचे 'शोले' आणि 'सुपरमॅन' बनवले. क्रेन नव्हती तर बैलगाडी वापरली, ट्रॉली नव्हती तर सायकल. फैजा अहमद खान यांचा 'सुपरमेन ऑफ मालेगाव' हा माहितीपट याच शूटिंगवर आहे. माहितीपट म्हटलं की लोक नाक मुरडतात, म्हणून मी तो 'कॉमेडी आहे' असं सांगून लावतो. खोटंही नाही ते. पोट धरून हसवतो आणि मग हळूच सांगतो की सुपरमॅनचं काम करणारा तो काडीपैलवान शफिक खरोखर यंत्रमागावर काम करतो. शफिक पुढे तोंडाच्या कर्करोगानं गेला. रीमा कागतीचा 'सुपरबॉइज ऑफ मालेगाव' २०२५ च्या फेब्रुवारीत थिएटरला लागला, तोही बघा, पण माहितीपटानंतर. आधी खरी माणसं, मग नट.

पायरी दुसरी: हसवणारे आधी

उमेश कुलकर्णीचा 'वळू' (२००८). एका गावात मोकाट वळू, त्याचं नाव डुरक्या, आणि त्याला पकडायला आलेला वनखात्याचा साहेब. आजीपासून नातवापर्यंत सगळ्यांना चालतो. लगेच पाठोपाठ त्याच जोडगोळीचा, म्हणजे उमेश आणि गिरीश कुलकर्णींचा, 'देऊळ' (२०११). केशाला गाय शोधताना दत्त दिसतो आणि गावाचं काय होतं ते बघायचं. त्र्यंबकला जाणाऱ्या गर्दीतून रोज गाडी काढणाऱ्याला आणि सिंहस्थाची रस्तेखोदाई सोसणाऱ्याला या सिनेमातले विनोद वेगळेच लागतात. आमच्याकडे दाजी पहिल्यांदा जागे राहिले ते 'देऊळ'ला.

परेश मोकाशीचा 'हरिश्चंद्राची फॅक्टरी' (२००९) याच दिवसांत बघून टाका. कारण 'इंडी' ही परदेशी फॅशन आहे असं कुणी म्हणालं तर त्याला उत्तर त्र्यंबकेश्वरात १८७० साली जन्मलं होतं. विम्याच्या पॉलिशा गहाण टाकून फाळके १९१२ मध्ये लंडनला गेले. परत येऊन पैसेवाल्याला पटवण्यासाठी त्यांनी वाटाण्याचं रोप उगवताना रोज थोडं थोडं चित्रित केलं. तारामती व्हायला बाई मिळेना, तेव्हा खाणावळीत काम करणाऱ्या साळुंकेंना लुगडं नेसवलं. सरस्वतीबाई दिवसा सगळ्या कंपनीचा स्वयंपाक करायच्या आणि रात्री फिल्मला भोकं पाडायच्या. मोकाशी हे सगळं रडगाणं न करता, नाटकातल्या फार्ससारखं सांगतात. सिनेमा बघितल्यावर पांडवलेण्यांच्या पायथ्याचं फाळके स्मारक जरा वेगळं दिसतं, एवढं नक्की.

पायरी तिसरी: लहान मुलं असलेले सिनेमे

सिनेमा संथ असला तरी मूल पडद्यावर असेल तर प्रेक्षक थांबतो, हा माझा गच्चीवरचा अनुभव. 'श्वास'पासून सुरू करू नका. तो २००४ चा, ऑस्करला गेलेला, मोठा सिनेमा आहे, पण आमच्याकडे पहिल्याच खेपेला आई इतकी रडली की पुढचे तीन आठवडे तिनं "नको बाई तुझे पिक्चर" म्हणून वर यायचंच टाळलं. आधी अविनाश अरुणचा 'किल्ला'. वडील गेलेले, आईची बदली कोकणात, नवी शाळा, नवे मित्र, पाऊस. तुमची बदली कधी झाली असेल किंवा वडिलांच्या बदलीमुळे शाळा बदलावी लागली असेल तर बाकी काही समजावून सांगावं लागत नाही. मग 'टिंग्या'. दुखावलेला बैल चितंग्या आणि त्याला खाटकाकडे जाऊ न देणारं पोरगं. निफाड-दिंडोरीकडच्या पाहुण्यांना हा लावा आणि मग त्यांच्या बैलांची नावं ऐका.

आणि मग नागराज मंजुळेचा 'फँड्री' (२०१३). यावर मी थोडा रेंगाळणार आहे.

सगळ्यांनी आधी 'सैराट' पाहिलेला असतो, त्यामुळे 'फँड्री'कडूनही तशीच गाणी आणि तशीच झिंग अपेक्षित असते. बसायच्या आधी स्पष्ट सांगा की तसलं काही नाही. जब्या नावाचं पोरगं, त्याला वर्गातली शालू आवडते, त्याला काळी चिमणी पकडायचीय, आणि त्याच्या बापाला गावातली डुकरं पकडायचीयत. घरात ही माणसं कैकाडी बोलतात, बाहेर मराठी. या दोन भाषांमधलं अंतर कानांनी ऐका, निम्मा सिनेमा तिथे आहे. बाप झालेले किशोर कदम म्हणजे आपले कवी सौमित्र. शाळेतल्या प्रसंगात भिंतीवर कुणाची चित्रं आहेत, राष्ट्रगीत सुरू होतं तेव्हा कोण कुठे उभं असतं, हेही बघा. शेवट मी सांगणार नाही. फक्त तेव्हा कुणाला चहा टाकायला उठू देऊ नका.

पायरी चौथी: बघायची शिस्त

ही थोडक्यात.

फोन दुसऱ्या खोलीत. सायलेंटवर ठेवून मांडीवर नको, दुसऱ्या खोलीत. अशा सिनेमात महत्त्वाची गोष्ट बहुतेक वेळा कुणी बोलत नसताना घडते आणि आपण नेमके तेव्हाच व्हॉट्सॲप बघतो.

पहिली वीस मिनिटं मत बनवू नका. वीस मिनिटांनी नाहीच जमलं तर बंद करा, त्यात लाज नाही. मी स्वतः काही गाजलेले सिनेमे दोनदा अर्ध्यावर सोडलेत.

सबटायटल मराठी सिनेमालाही लावा. वऱ्हाडी, मालवणी, नगरी बोली पहिल्या झटक्यात कानात बसत नाहीत. कसमादे पट्ट्यात (कळवण, सटाणा, मालेगाव, देवळा) वाढलेल्याला मालवणी कळलीच पाहिजे, असा काही कायदा नाही.

पायरी पाचवी: आता संथ पाण्यात

इथवर आलात म्हणजे चार-सहा महिने झाले असतील. आता 'कोर्ट'.

चैतन्य ताम्हाणेचा हा पहिला सिनेमा, २०१४ ला व्हेनिसच्या महोत्सवात दोन पुरस्कार आणि नंतर सर्वोत्कृष्ट चित्रपटाचा राष्ट्रीय पुरस्कार. गटारात उतरलेला सफाई कामगार मरतो, आणि तुमच्या गाण्यामुळे त्यानं आत्महत्या केली असा आरोप लोकशाहीर नारायण कांबळेंवर येतो. कांबळेंचं काम वीरा साथीदार यांनी केलंय. ताईच्या प्रश्नाचं उत्तर मला दुसऱ्यांदा बघताना मिळालं. आपण कोर्टरूममध्ये भांडणाची वाट बघत बसतो आणि दिग्दर्शक कोर्ट सुटल्यावर वकिलांच्या मागे त्यांच्या घरी जातो. सरकारी वकील बाई (गीतांजली कुलकर्णी) लोकलनं घरी येऊन स्वयंपाकाला लागतात. त्या दुष्ट नाहीत. दिवसभर एका माणसाला तुरुंगात ठेवण्यासाठी युक्तिवाद करून आलेली एक दमलेली बाई आहे. घडतं ते तिथे.

कॅमेरा एका जागी उभा असतो आणि प्रसंग संपल्यावरही लगेच हलत नाही. ज्यांना हे रेंगाळणं वाटतं त्यांना मी एवढंच सांगतो: नाशिकरोडच्या कोर्टात किंवा तहसील कचेरीत एखादा दिवस तारखेसाठी बसून बघा. सिनेमात शेवटाकडे कोर्टाला सुट्टी लागते, एकेक दिवा बंद होतो, अंधार होतो, तेव्हा त्या बाकावर बसल्याची आठवण असेल तर तो अंधार लांब वाटत नाही.

ताम्हाणेचाच 'द डिसायपल' (२०२०) नेटफ्लिक्सवर आहे. शास्त्रीय गाणं शिकणारा शरद रात्री मुंबईच्या रिकाम्या रस्त्यांवरून मोटरसायकलवर जातो आणि कानात माई नावाच्या गायिकेची जुनी व्याख्यानं चालू असतात. तो आवाज सुमित्रा भावेंचा. मला विचाराल तर हा 'कोर्ट'पेक्षाही अवघड आणि जास्त लागणारा सिनेमा आहे, कारण यात खलनायक कुणी नाही, फक्त आपण बेताचेच आहोत हे हळूहळू कळत जाणं आहे. क्लासला जाणारी मुलं असलेल्या आईबापांनी तो जपून बघावा.

भावे आणि सुनील सुकथनकर यांचे सिनेमे हा वेगळा पाट आहे. 'देवराई', 'अस्तु', 'कासव'. स्किझोफ्रेनिया, स्मृतिभ्रंश, नैराश्य. विषयांची नावं वाचून सरकारी आरोग्य खात्याची फिल्म वाटेल, तसे हे सिनेमे अजिबात नाहीत. घरात विसराळू झालेले आजोबा असतील तर 'अस्तु' एकट्यानं बघू नका, भावंडांना बोलवा. स्वतः मानसोपचारतज्ज्ञ असलेले डॉ. मोहन आगाशे हे सिनेमे ठिकठिकाणी दाखवून नंतर प्रेक्षकांशी बोलतात. जवळपास असा खेळ असला तर चुकवू नका.

उमेश कुलकर्णीचा 'विहीर' मी मुद्दाम शेवटी ठेवतो. समीर आणि नचिकेत ही नात्यातली भावंडं, सुट्टी, लपाछपी. सुट्टीत मामाच्या वाड्यावर गेलेल्या पिढीनं तो बघावा आणि त्या रात्री दुसरं काही लावू नये.

पायरी सहावी: थिएटरला लागला तर

नाशिकमध्ये छोट्या मराठी सिनेमाला बहुतेक वेळा एकच खेळ मिळतो, आणि तोही सकाळी अकराचा किंवा दुपारी तीनचा, म्हणजे जेव्हा नोकरदार माणूस जाऊच शकत नाही. मग सोमवारी 'प्रेक्षक नाही' म्हणून उतरवतात. आम्ही तिघं एकदा अर्धा दिवस रजा टाकून गेलो, तर खिडकीवरचा मुलगा म्हणाला, "साहेब, तीनच तिकिटं गेली, शो कॅन्सल." पैसे परत मिळाले, रजा नाही मिळाली.

तेव्हापासून माझी पद्धत अशी. बुधवारी-गुरुवारी ॲपवर पुढच्या आठवड्याचे खेळ दिसायला लागतात, ते बघायचे. शनिवार-रविवार सोडायचा नाही, पुढच्या आठवड्याची वाट बघायची नाही. तिकिटं आदल्या रात्रीच काढायची, म्हणजे खेळ रद्द व्हायची शक्यता कमी होते, आणि निघण्याआधी एक फोन करायचा. शक्य असेल तर दहाजण मिळून जायचं. 'स्थळ' मी असाच पाहिला, २०२५ च्या मार्चमध्ये. जयंत सोमलकरचा सिनेमा, विदर्भातल्या खेड्यातली सविता आणि तिला बघायला येणारे पाहुणे, तेच पोहे, तेच प्रश्न. सुरुवातीच्या स्वप्नात मात्र बायका बसल्यात आणि प्रश्न मुलाला विचारले जातायत. आमच्या रांगेतल्या ताईनं तेव्हा जी शिट्टी मारली, ती मी तिच्या आयुष्यात पहिल्यांदा ऐकली. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये रोहन कानवडेचा 'साबर बोंडं' लागला. अमेरिकेतल्या सनडान्स महोत्सवात त्याच्या विभागातला सर्वोच्च पुरस्कार मिळालेला. वडिलांच्या दहा दिवसांच्या सुतकात गावी अडकलेला आनंद आणि त्याचा गावातला मित्र. दोन पुरुषांमधल्या प्रेमाची गोष्ट इतक्या हळू आवाजात सांगितलीय की आमच्या काकूंना तो 'सुतकाचा सिनेमा' वाटला. ते वाचनही चुकीचं नाही म्हणा.

पायरी सातवी: गच्चीवरचा खेळ

प्रोजेक्टर भाड्यानं मिळतो. पूर्ण अंधार असेल तर तीन हजार ल्युमेनचा पुरतो. चादर बांधू नका, वाऱ्यानं हलते आणि नायिकेचं नाक वाकडं होतं. पांढऱ्या चुन्याची भिंत उत्तम. खरी गोची आवाजाची. प्रोजेक्टरचा स्वतःचा स्पीकर कुजबुजतो, म्हणून वेगळा स्पीकर घ्या आणि तो भिंतीपाशीच ठेवा, प्रेक्षकांच्या पाठीमागे नाही. दहाच्या आत संपवा. आपल्याकडे गच्चीसाठी ऑक्टोबर-नोव्हेंबर आणि होळीच्या आसपासचे दिवस बरे. डिसेंबरात आम्ही हट्टानं 'कासव' लावला होता, तेव्हा अर्धे लोक गोधडीत आणि उरलेले जिन्यात होते.

घरच्या-शेजारच्यांपुरतं हे ठीक. सभागृह घेऊन दाखवायचं असेल तर निर्मात्याची लेखी परवानगी घ्या. छोट्या सिनेमांचे निर्माते-दिग्दर्शक बहुधा स्वतःच उत्तर देतात, कधी कधी बोलायलाही येतात. टेलिग्रामवरची चोरटी फाइल मात्र नको. 'ख्वाडा' बनवायला भाऊराव कऱ्हाडेनं स्वतःची जमीन विकली होती. असल्या माणसाचा सिनेमा फुकट ओढायचा आणि वर त्याच्या हालअपेष्टांवर हळहळायचं, हे बरं दिसत नाही.

सिनेमा संपल्यावर 'काय संदेश मिळाला?' असं कुणालाही विचारू नका. शाळा आठवते आणि लोक घरी पळतात. 'डोक्यात कुठलं दृश्य राहिलं?' एवढं विचारा आणि चहा ठेवा.

पायरी आठवी: गाव सोडून

चटक लागली की जानेवारीत पुण्याचा आंतरराष्ट्रीय चित्रपट महोत्सव, म्हणजे पिफ. तो २००२ पासून भरतो आणि आठवडाभर एका पासवर वाट्टेल तेवढं बघता येतं. दिवसाला तीनच सिनेमे बघा, चौथा डोळ्यांत जातो पण डोक्यात नाही. मुंबईत १९६८ पासून प्रभात चित्र मंडळ ही फिल्म सोसायटी आहे. पंचवटी एक्सप्रेसनं सकाळी जाऊन एखादा खेळ बघून परत येणारे नाशिककर मला माहीत आहेत. पुण्यात चित्रपट रसास्वादाचं महिनाभराचं शिबिर असतं, मला अजून तेवढी रजा जमलेली नाही.

भाषेबाहेर जायचं तर इराणपासून जा. माजिद मजिदीचा 'चिल्ड्रन ऑफ हेवन' (१९९७), भाऊ-बहीण आणि एक बुटांचा जोड. किआरोस्तामीचा 'व्हेअर इज द फ्रेंड्स हाउस?' (१९८७), चुकून आलेली मित्राची वही परत करायला निघालेला मुलगा. मग डी सिकाचा 'बायसिकल थीव्ज' आणि सत्यजित रायांचा 'पथेर पांचाली'. अण्णांना यातला 'बायसिकल थीव्ज' आवडला. सायकलवरून सातपूरला पहिल्या पाळीला जाणाऱ्या माणसाला सायकल गेली म्हणजे काय जातं, हे सांगावं लागलं नाही.

मागच्या शनिवारी ताईनं स्वतःहून फोन केला, "ते 'कोर्ट' परत लावतोस का?" लावला. संपल्यावर ती काही बोलली नाही. दाजींनी मात्र रिमोट मागून घेतला, दिवे विझतात तिथपर्यंत मागे नेला आणि म्हणाले, "मागच्या वेळी हे होतं का यात?"